शेंदूर लावलेला मसाला

“आग म्हणजे आपली पाळलेली मांजर! बोलावली की येते, हाकलली की जाते!” निरंजन महाराज गरजले, आणि तेवढ्यात मांजरीनं त्यांची अर्धी दाढी खाल्ली.

पण असीरगडजवळच्या लालबागच्या लोकांना दाढीचं काय! महाराजांनी शेंदूर लावलेले खडे टाकलेल्या हवनकुंडात तांब्याभर पाणी ओतलं, तर आग विझायच्या ऐवजी भडकली होती. लोक धडाधड पाया पडत होते. लसणाचा वास सुटला होता.

“देवाला लसूण आवडतो,” महाराजांनी खुलासा केला.

केळीचे व्यापारी चुडामणभाऊ तर रडायलाच लागले. “महाराज, आता माझ्या गोदामात! अभी के अभी!”

महाराजांचं तसल्याच खड्यांचं पोतं गोदामात आधीच पोचलं होतं. दार लावून पूजा करायची होती. आत पेंढ्यात चुडामणभाऊंची बायको कोकिळा आरतीचं ताट घेऊन बसली होती.

तेवढ्यात अग्निशमनची गाडी आली. कोणाच्या गोदामात काय धोक्याचं भरलंय, याची यादी करत अग्निशमनच्या अधिकारी वर्षा मॅडम फिरत होत्या. आग लागल्यावर विचारत बसायला वेळ कुठे असतो? त्यांनी लसणाचा वास घेतला, पोत्यात डोकावल्या आणि ओरडल्या, “वहिनी, आधी बाहेर या!”

“मॅडम, मुहूर्त निकल जाएगा!”

“मुहूर्त दुसरा मिळेल, भाऊ. वहिनी नाही मिळणार.”

“त्यांना मुहूर्तच पाहिजे, मॅडम,” म्हणत कोकिळावहिनी बाहेर आल्या.

मॅडमनी हातमोजे घालून एक खडा उघड्या मैदानात लोखंडी घमेल्यात ठेवला. लांब काठीला पलिता बांधला. “वहिनी, मंत्र नको. दोनाचा पाढा म्हणा.”

बे दुणे चारला पाणी टाकलं, बे त्रिक सहाला पलिता नेला. भप्प!

“हे कार्बाइड. पाणी लागलं की गॅस सुटतो, कुंडातल्या निखाऱ्यावर पेटतो. बंद गोदामात तर छप्परच उडालं असतं. म्हणून आम्ही आधी विचारतो काय जळतंय, मग पाण्याची नळी सोडतो. याच्यावर पाणी नाही, कोरडी वाळू.”

चुडामणभाऊंनी पोत्यातला एक खडा पुसून पाहिला. “अरे! हा तर आपला केळी पिकवायचा मसाला!”

आणि पटकन खडा पाठीमागे लपवला. तो मसाला कायद्यानं बंद आहे. भाऊंनी तो वीस वर्षं हाताळला, पण शेंदूर दिसला आणि हात जोडले!

मॅडमनी यादी उघडली. “तुमचा कुठे ठेवलाय, भाऊ?”

कोकिळावहिनींनी बोटानं दाखवलं.

“सब माया है,” म्हणत महाराज असीरगडला जाणाऱ्या ऑटोत बसले.

तर मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी विचारा, यात घातलंय काय? विचारल्यानं देव रागावत नाही, फक्त महाराज रागावतात.

संध्याकाळी चुडामणभाऊंनी दोन ट्रॉली वाळू मागवली. ड्रायव्हरनं ती गोदामाच्या दारातच ओतली. दार बाहेर उघडतं, ते आता उघडेना. केळी आतच पिकली.