दामल्यांच्या जागी

साकेतला नव्या कंपनीची ऑफर आली, तेव्हा ऋतिकाने आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग पगार विचारला. आकडा ऐकल्यावर ती तिथेच पाटावर बसली.

"आठवड्यात कळवायचंय," साकेत म्हणाला.

"कळवायचं काय त्यात? हो म्हण ना."

साकेत डोंबिवलीत रंगांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. कारखान्यात कोणी भाजू नये, पडू नये, गुदमरू नये हे बघायचं त्याचं काम. तो कारखाना आता गुजरातला चालला होता. सोबतची निम्मी माणसं दुसरीकडे चिकटली होती, आणि साकेत चाळिशीत नव्याने मुलाखती देत फिरत होता. त्यात ही ऑफर. कंपनी रसायनांची, मोठी, तिचा प्लांट घरापासून रिक्षाने जाता येईल इतका जवळ.

"आधीचा माणूस का गेला, तेवढं विचारतो," तो म्हणाला.

"अरे, जागा तुला मिळतेय. तू त्याच्या मागे कशाला लागतोस?"

पण साकेतचा तो स्वभावच होता. कंपनीच्या एचआरमधल्या अद्वय नावाच्या मुलाला त्याने फोनवर विचारलं, तर "पर्सनल रीझन्स, सर," असं उत्तर इतक्या पटकन आलं की साकेतला आणखीच चुटपुट लागली. दोन-तीन ओळखीच्यांना विचारल्यावर नाव मिळालं. सुधीर दामले, राहायला ठाण्यात, कोपरीला. फोन केला तर दामले एवढंच म्हणाले, "घरी या."

दामले पंचावन्नच्या पुढचे, उंच, खांद्यात वाकलेले. घरात सगळं जागच्या जागी. त्यांच्या पत्नी सुमतीबाईंनी पोहे आणून ठेवले आणि त्याही तिथेच बसल्या.

"कंपनी कशी आहे?" साकेतने विचारलं.

"पगार वेळेवर होतो," दामले म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, "प्लांट बघायला गेला होतात ना? कॅन्टीनमध्ये गेलात का?"

"नाही. चहा वरच आणून दिला."

"तिथे एक बाई असेल. मालन नाव. सावळी, हनुवटीवर गोंदण. पण तुम्ही वर होतात, म्हणजे दिसली नसणार."

"सांगा ना त्यांना सगळं," सुमतीबाई म्हणाल्या. "आतल्या आत किती दिवस ठेवणार?"

मग दामल्यांनी सांगितलं. भिवा नावाचा सफाई कामगार होता, मालनचा नवरा. एक टाकी साफ करायची होती. आत वायू आहे की नाही हे तपासलेलं नव्हतं, म्हणून दामल्यांनी परवानगी दिली नाही. दुसऱ्या दिवशी ते एका बैठकीसाठी ठाण्याला आले, आणि मागे मॅनेजरने भिवाला टाकीत उतरवलं. भिवाला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हातातला ब्रश तसाच मुठीत होता.

"चौकशीला सरकारी माणसं येणार होती. मी सगळं सांगणार होतो," दामले म्हणाले. "आदल्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. म्हणाले, दामले, केस वर्षानुवर्षं चालेल, त्या बाईच्या हाती काय लागणार? तुम्ही मुकाट्याने राजीनामा द्या, आम्ही तिला कॅन्टीनमध्ये कायम करतो. फक्त पुन्हा इकडे फिरकायचं नाही, तिच्याशी संबंध ठेवायचा नाही."

"आणि तुम्ही दिलात?"

"आधी तिला विचारलं. ती म्हणाली, साहेब, गेलेला माणूस काय परत येणारे? पोरांच्या तोंडात काय घालू ते सांगा." दामल्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हटलं, निदान एवढं तरी होऊ दे. तुम्ही नोकरी घ्या, साकेत. फक्त ती तिथे आहे, बरी आहे, एवढं मला कळवा."

पुढच्या बुधवारी साकेत कंपनीच्या घोडबंदर रोडच्या हेड ऑफिसला गेला. बस ट्रॅफिकमध्ये अडकली होती आणि तो आपल्या मनाशी बोलत होता, की ती बाई तिथे असेल तर प्रश्नच मिटला. एका माणसाला दिलेला शब्द पाळला गेला असेल, तर त्या कंपनीत आपणही राहू शकतो.

अद्वयने कॉम्प्युटरवर नाव शोधलं. "मालन... हां, होत्या सर. पण त्या कॅन्टीनच्या कॉन्ट्रॅक्टरकडे होत्या. मे महिन्यात कॉन्ट्रॅक्टर बदलला, नवीनवाल्याने आपली माणसं आणली."

"त्यांना कायम केलं होतं ना?"

"कॅन्टीनमध्ये कंपनीचं असं कोणीच नसतं, सर." अद्वय गोंधळला होता. तो स्वतःच जूनमध्ये लागलेला. भिवा हे नाव त्याने ऐकलंसुद्धा नव्हतं.

"माझा पगार थोडा कमी करा," साकेत म्हणाला. "पण या बाईंना परत घ्या. आणि तसं माझ्या ऑफर लेटरमध्ये लिहून द्या."

अद्वय उठून आत गेला. बऱ्याच वेळाने परत आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. "साहेब म्हणाले, तुम्ही जॉइन तर व्हा. मग बघू."

काचेपलीकडे खाली गाड्यांची रांग हलत नव्हती. साकेतच्या डोक्यात आलं, की उद्या कोणाला तरी टाकीत उतरवत असतील आणि आपण थांबा म्हणू, तेव्हाही हे लोक 'बघू' म्हणतील. त्याने तिथेच नकार दिला.

घरी सांगितलं तेव्हा ऋतिका ओट्याशी होती. तिने पातेलं विसळून पालथं घातलं, पुन्हा उचललं, पुन्हा विसळलं.

"मला विचारलं असतंस तरी."

"तू घे म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते. म्हणूनच विचारायचं होतंस."



रविवारी तो पुन्हा कोपरीला गेला. फोनवर सांगायचा त्याला धीर झाला नव्हता. दामल्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मे महिन्यात?"

"हो."

"आणि मी इथे बसून रोज म्हणायचो, आता तिने चहा उकळायला ठेवला असेल, आता ती घरी निघाली असेल." त्यांनी साकेतकडे पाहिलं. "तुम्ही नाही म्हणालात त्यांना?"

"नाही म्हणालो."

"चूक केलीत. आत कोणी तरी असायला हवं होतं. मी निघालो, आता तुम्हीही..."

सुमतीबाई जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका हो," त्या म्हणाल्या. साकेतने मान हलवली, पण ते शब्द त्याच्या मनातून पुढे कधीच गेले नाहीत.

दिवाळीनंतर रंगांच्या कारखान्याचं गेट बंद झालं. साकेत भिवंडीच्या एका गोदामात लागला, आग विझवायची साधनं सांभाळायच्या कामावर. पगार बराच खाली आला. ऋतिकाने संध्याकाळच्या शिकवण्या सुरू केल्या. त्या जागेवरून ती परत कधी बोलली नाही. रसायनांच्या कंपनीला कोणीतरी मिळालाच.

जानेवारीत दामल्यांचा फोन आला. "भिवाची खोली आंबिवलीला होती. मला एकट्याला जायला होत नाही. याल का?"

दोघं गेले. स्टेशनबाहेर पडून, विचारत विचारत, बैठ्या खोल्यांच्या एका रांगेत पोचले. त्या खोलीत आता दुसरंच कुटुंब होतं. शेजारची बाई तांदूळ निवडत दारात बसली होती.

"मालन? ती गेली की पोरांना घेऊन भावाकडे, जुन्नरकडे कुठेशी. कॅन्टीनचं काम सुटलं, मग भाडं कुठनं भरणार? फोन तर तिने आधीच विकलेला."

"गावाचं नाव?"

"नाय माहीत."

 दामल्यांनी विचारलं, "ती कधी दामले साहेबांचं नाव काढायची का?"

बाईने सुपातून वर पाहिलं. "काढायची ना. साहेबांनी नोकरी लावून दिली, पण नंतर फिरून बघितलंदेखील नाय, म्हणायची. तुम्ही कोण?"

दामल्यांचे ओठ हलले. "ओळखीचा," ते म्हणाले.

परतताना थोडं चालल्यावर ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागले. येणारे-जाणारे बघत होते. साकेत त्यांच्या शेजारी बसला. त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि ते शांत होईपर्यंत तसाच राहू दिला.