बांधाचं पान

मुलांनो, डोळे मिटू नका. उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर जरा कल्पना करा. तुम्ही एका लांबलचक मातीच्या बांधावर उभे आहात. डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला भाताची शेतं. भरती आली आहे. खाडीचं पाणी बांधाच्या काठापर्यंत चढलं आहे आणि शेत मात्र त्या पाण्याच्या बरंच खाली आहे. मधे फक्त हा बांध. खेकड्याने त्याला कुठे भोक पाडलं आणि पाण्याने ते मोठं केलं, की खारं पाणी शेतात घुसतं. अशा फुटलेल्या जागेला खांड म्हणतात. एकदा खांड गेली की पुढची दोन-तीन वर्षं त्या शेतात भात धड होत नाही.

आता सांगा, हा बांध महत्त्वाचा आहे की नाही?

"आहे!" म्हणालात ना? भूमिकाही तसंच म्हणाली होती. आणि तिथेच तिची पंचाईत झाली.

भूमिका पेणच्या शाळेत सातवीत होती. तिचं गाव पेणपासून थोडं पुढे, खाडीकाठी. एके दिवशी कमळाकर सरांनी वर्गाला इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश दाखवला. तो कोणालाही वाचता येतो, आणि नियम पाळले तर कोणालाही त्यात लिहिता येतं. मुलांनी शोधून पाहिलं. पेण सापडलं, रोहा सापडलं, कुंडलिका नदी सापडली. भूमिकाने आपल्या गावचा खारबांध शोधला. काही नाही.

"चिखलाचा ढीग तो," मागच्या बाकावरून प्रणित म्हणाला. "त्याचं काय लिहिणार? वर चिखल, खाली चिखल, मधे पण चिखल!"

वर्ग हसला. भूमिका हसली नाही. रविवारी तिने सरांच्या मदतीने खातं उघडलं आणि बांधावर लेख लिहिला. बांध कसा घालतात ते लिहिलं. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारं आणि भरतीला बंद होणारं लाकडी दार, ज्याला उघाडी म्हणतात, त्याबद्दल लिहिलं. खांड गेली की गावात हाक फिरते आणि हातातला घास टाकून घरटी एक माणूस घमेलं घेऊन धावतं, तेही लिहिलं. शेवटचा परिच्छेद तिचा सगळ्यांत आवडता होता. मोठ्या पुराच्या वर्षी तिचे आजोबा पुंडलिक यांनी फुटलेल्या उघाडीला पाठ लावून एकट्याने बांध कसा वाचवला, याचा.

तिने तो परिच्छेद आजोबांना वाचून दाखवला. म्हातारा नुसता "परत वाच" म्हणाला.

भूमिकाला तेव्हाच कळलं की हे पान राहायला हवं. आता बांधाचं काम पोकलेन मशीन करतं. गावातली तरुण माणसं डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला जातात. हाताने खांड बुजवलेली माणसं थोडी उरली होती, आणि त्यांच्या तोंडाशिवाय ही गोष्ट कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिच्या लेखाच्या डोक्यावर एक पट्टी आली. "या विषयाची उल्लेखनीयता सिद्ध झालेली नाही. पंधरा दिवसांत चर्चा होऊन लेख वगळला जाऊ शकतो." खाली नाव होतं, महिपती. ज्ञानकोशात बरीच वर्षं लिहिणारे कोणी गृहस्थ.

भूमिकाने घरी सांगितलं. डोलवीच्या कारखान्यात काम करणारा तिचा निलेशकाका नुकताच शिफ्ट संपवून आला होता. तो तापलाच.

"वगळणार? आपला बांध? हा कोण महिपती? आलाय कधी चिखलात?"

आणि त्याने ते केलं, जे खाडीकाठचं माणूसच करेल. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याने मेसेज टाकला, "खांड गेलीऽऽ! सगळ्यांनी भूमिकाच्या पानावर या!"

गावाला हाक कळते. घरटी एक माणूस निघालं. ज्यांना खातं उघडता येत नव्हतं त्यांना निलेशने उघडून दिलं. तासाभरात ज्ञानकोशाच्या त्या शांत चर्चापानावर जत्रा भरली.

"ठेवा."

"ठेवा. मी स्वतः चिखल वाहिलाय. बायजा."

"नाय म्हणणाऱ्याला इथं पाठवा. जेवून जाऊ द्या, पण उत्तर देऊन जाऊ द्या. पुन्हा बायजा."

"कंपनीतून लिहितोय. बांध हाय. मी रोज बघतो."

एकाने नुसते हात जोडलेलं चित्र टाकलं. एकाने सवयीने "शुभ सकाळ" लिहिलं, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

गाव खुशीत झोपलं. सकाळी महिपतींचं उत्तर आलेलं होतं.

"एका तासात इतकी नवी खाती आणि सगळ्यांचं एकच म्हणणं! असं दिसलं की इथे शंका वाढते, कमी होत नाही. आम्ही हात मोजत नाही, पुरावे पाहतो. बांध आहे यावर माझा विश्वास आहे. तो चांगला आहे यावरही आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्यांचा या बांधाशी काही संबंध नाही, अशा बाहेरच्या कोणी त्याबद्दल तपासून, सविस्तर आणि छापील असं काही लिहिलं आहे का?"

भूमिका शाळेत रडवेली होऊन आली. "सर, आमच्या गावाला जेवढं माहीत आहे तेवढं बाहेरच्याला कसं माहीत असणार? हा कसला उलटा नियम?"

कमळाकर सरांनी तिला बसवलं. "तुझ्या आईच्या हातची आमटी जगात भारी आहे, असं तू लिहिलंस. प्रणितने त्याच्या आईच्या आमटीबद्दल तेच लिहिलं. दोघंही खरं बोलताय. पण नागपूरला बसलेल्या मुलीने कोणाचं मानायचं? तिला तू माहीत नाहीस, तो माहीत नाही."

"म्हणजे आमटीवर लेख नाही?"

"घरच्या आमटीवर नाही. पण बाहेरून कोणी आलं, खाल्ली, विचारपूस केली, त्यावर पुस्तकात पानं लिहिली, तर विचार करता येईल. तू आतापर्यंत गावाला काय विचारलंस? बांधाबद्दल कोणाला माहिती आहे, हेच ना? आता दुसरं विचार. बांधाबद्दल विचारायला बाहेरून कोण आलं होतं?"

भूमिका घरोघर फिरली. बरीच माणसं म्हणाली, "कोण येतंय इकडं?" शेजारची बायजाआजी मासळी साफ करत ओट्यावर बसली होती. ती विळी थांबवून विचारात पडली.

"आली होती गो एक. चष्मेवाली. रोह्याची. कवाची गोष्ट! माझ्याच घरात राहिली. सकाळपासून विचारीत बसायची, आजी हे कसं, आजी ते कसं. चिखल लावायला गेली नं मांडीपर्यंत रुतली. आम्ही चौघींनी उपटून काढली, मुळ्यासारखी."

"नाव काय तिचं?"

"अपेक्षा. आता तिकडं कॉलेजात शिकवते म्हणं."

शनिवारी दुपारी भूमिका आणि बायजाआजी पेणहून गाडीने रोह्याला गेल्या. आजी कशाला हवी, असं निलेश म्हणाला, तर आजी म्हणाली, "मीच उपटलीय तिला, मीच वळखीन."

आणि ओळखलंच. कॉलेजच्या जिन्यावर अपेक्षा मॅडम दिसताच आजी ओरडली, "ए चष्मेवाली! तुझी एक चप्पल अजून आमच्या चिखलात हाय!"

मॅडम धावत खाली आल्या. त्यांनी आजीला मिठी मारली आणि सगळं ऐकून घेतल्यावर कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. कोकणातल्या खारजमिनींवर एका विद्यापीठाने छापलेलं होतं. त्यातलं एक अख्खं प्रकरण, मॅडमनीच लिहिलेलं, भूमिकाच्या गावच्या बांधावर होतं! भूमिकाने त्यावरून हात फिरवला. तिच्या गावाचं नाव, छापील.

मग मॅडम दोघींना रोह्याच्या ग्रंथालयात घेऊन गेल्या. तिथे पुराच्या वर्षीच्या वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे होते. धूळ झटकत झटकत शोधता शोधता भूमिकाला मुंबईच्या एका बातमीदाराने लिहिलेला अर्ध्या पानाचा वृत्तांत सापडला. गावकऱ्यांनी दोन भरत्यांच्या मधल्या वेळात खांड कशी बुजवली, हे त्याने डोळ्यांनी पाहून लिहिलं होतं.

"ग्रामस्थांनी," भूमिकाने पुन्हा वाचलं. आजोबांचं नाव नव्हतं. पुस्तकातही नव्हतं.

"असू दे की," आजी म्हणाली. "तू लिव. आमाला सगळ्यांना म्हायत हाय, पुंडलिक उभा होता."

भूमिका मॅडमनी बरोबर आणलेल्या पुस्तकाचं पुढचं पान वाचत होती. एका ओळीपाशी तिचं बोट थांबलं. तिने ती मोठ्याने वाचली. "ज्याच्या शेतापाशी खांड गेली असेल, त्या शेतकऱ्याने चिखल आणून द्यायचा, पण स्वतः रचायचा नाही. रचण्याचं काम ज्यांचं शेत लांब आहे त्यांनी करायचं, अशी येथील पद्धत आहे."

"आजी, हे खरं?"

"व्हय तर. ज्याचं शेत बुडतंय तो घाईत रचतो गो. त्याला वाटतं, कधी एकदा बुजतंय. वरून गुळगुळीत, आतून पोकळ. पुढच्या भरतीला जातंय सगळं. लांबचा माणूस शांत डोक्याने रचतो, दाबून दाबून. जवळच्याने नुसतं घमेलं द्यायचं."

भूमिका आजीकडे बघतच राहिली. मग अपेक्षा मॅडमकडे. "म्हणजे महिपतीकाका हेच सांगत होते! मी जवळची आहे. मी घाईत रचलं."

मॅडम हसल्या. "मग आता कसं करशील?"

"तुम्ही रचलंय, त्या बातमीदाराने रचलंय. मी घमेलं देते."

घरी आल्यावर तिने लेख पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला. प्रत्येक वाक्याखाली ते कुठून आलं ते दिलं, पुस्तकाचं पान, वर्तमानपत्राची तारीख. जे कुठेच छापलेलं नव्हतं ते काढलं. शेवटी उरला तो आवडता परिच्छेद. ती लॅपटॉप घेऊन आजोबांजवळ गेली.

"आजोबा, हे... हे काढावं लागंल."

पुंडलिक आजोबांनी कारण विचारलं. तिने सगळं सांगितलं, रचणाऱ्याचं आणि घमेलं देणाऱ्याचं. म्हाताऱ्याने ऐकलं. तोंडात सुपारी टाकली.

"काढ," तो म्हणाला. "एकटा उभा होतो म्हणून लिवलंस, ते पण काय खरं नाय. मागून तुझी आजी ढकलीत होती. नायतर मी कवाच पळालो असतो."

भूमिका इतकी हसली की डोळ्यांतलं पाणी कशाचं ते तिलाच कळलं नाही. तिने परिच्छेद काढला.

मग तिने चर्चापानावर लिहिलं. "आमच्या गावाने इथे गर्दी केली त्याबद्दल माफ करा. आमच्याकडे हाक आली की सगळे येतात. आता मी संदर्भ दिले आहेत आणि माझा आवडता, आजोबांचा परिच्छेद काढला आहे, कारण त्याला संदर्भ नाही. तुम्ही तपासा." आणि निलेशकाकाला बजावलं, "आता ग्रुपवर एक शब्द टाकायचा नाही."

"शुभ सकाळ पण नाय?"

"ते तर मुळीच नाही."

दोन दिवस काहीच झालं नाही. मग कोल्हापूरच्या एका अनोळखी संपादिकेने लिहिलं, "संदर्भ पाहिले. स्वतंत्र आणि सविस्तर आहेत. ठेवावा." नाशिकच्या एकाने जुन्या जिल्हा गॅझेटियरमधला खारबांधांचा उल्लेख स्वतःहून शोधून लेखात जोडला. या माणसाने खाडी कधी पाहिली नव्हती! आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी महिपतींचं नाव दिसलं. भूमिकाने आईचा हात घट्ट धरला.

"पुस्तक मागवून प्रकरण वाचलं. वगळण्याची सूचना मी मागे घेत आहे. मी इतकी वर्षं इथे आहे, पण आपल्या आवडीचा परिच्छेद स्वतः काढणारे लेखक मला फार भेटले नाहीत. भूमिका, हा लेख उत्तम झाला आहे."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. त्या जागी दोनच शब्द आले. "लेख ठेवला."

निलेशने बंदी उठल्याचं स्वतःच जाहीर केलं आणि ग्रुपवर बातमी टाकली. पाचच मिनिटांत गल्लीत आरडाओरडा सुरू झाला. बायजाआजी ओट्यावर उभी राहून विळीच्या पाटावर लाटणं बडवत होती. कोणीतरी गूळ वाटला. शाळेत कमळाकर सरांनी ते पान मोठ्या पडद्यावर लावलं आणि प्रणितलाच वाचायला उभं केलं. तो वाचत गेला, वाचत गेला आणि उघाडीपाशी थांबला. "सर, पण ती आपोआप बंद कशी होते? भारीच आहे हे!"

भूमिका फक्त ताठ बसली. वर्गात एवढं ताठ कोणी बसलेलं मी तरी पाहिलं नाही.

संध्याकाळी तिने पान पुन्हा उघडलं. चर्चापानावर लातूरच्या एका मुलाचा निरोप होता. "मी समुद्र पाहिलेला नाही. ही उघाडी दिसते कशी? फोटो नाही का?"

भूमिकाने खिडकीतून पाहिलं. ओहोटी लागली होती, अजून ऊन होतं. स्वतः काढलेला फोटो ज्ञानकोशात चालतो, हे तिने नियमांत वाचलं होतं. तिने आईचा मोबाइल घेतला, चपला दारातच सोडल्या आणि बांधाच्या दिशेने धावत सुटली.