झिंगूबाईच्या फासळ्या

"पाक शेवटी घालजो, सोमारी. आधी घातला का करपते. आन् माह्या मागे बुढ्याले उपाशी नको ठेवजो."

झिंगूबाईचं हे शेवटचं धड बोलणं. "नाई ठेवत," असं सोमारीनं सासूचा हात धरून कबूल केलं होतं.

पण सासू गेली आणि सासऱ्याची भूकही तिच्यामागे गेली. सुकलू ताटावर बसायचा, घास चिवडायचा, उठायचा. हाडं दिसू लागली होती त्याची. काय करू विचारलं, की एकच उत्तर, "तिच्या हातच्या फासळ्या."

गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. धानोऱ्याकडच्या त्यांच्या गावाला त्याचं विशेष काही नव्हतं. तिथे मोहाची फुलं गळायला लागली होती. गावात डुक्कर कापलं तेव्हा सोमारीनं फासळ्यांचाच वाटा मागून आणला. लसूण, हळद, मिरची, मीठ लावून मऊ शिजवल्या, चिंचेचा कोळ घातला. सासूचा पाक मोहफुलांचा असायचा, पण जुनी फुलं संपली होती म्हणून गुळाचा केला. तो शेवटी माखून फासळ्या निखाऱ्यावर धरल्या. लाखेसारख्या चकाकल्या.

सुकलूनं एक हाड चोखलं. "चांगलं हाय."

"पण?"

"पण तिचं नाई."

"मंग काय टाकत होती ते?"

"मले काय मालूम? मी त खात होतो!"

सोमारीला चैन पडेना. सासूच्या फासळ्यांवर तांबूस झाक असायची. ती कशाची? गूळ नव्हे, मिरचीही नव्हे. सासूच्या मडक्यात नाक घालून पाहिलं, पण नुसता धुराचा वास. शेवटी ती शेजारच्या कांताकडे गेली.

"आंबाडीची लाल बोंडं," कांता म्हणाली. "दरसाली माह्या वाडीतूनच नेत होती. चिंच घातली काय तू? तुले सांगितलं नाई तिनं?"

"मी कधी विचारलंच नाई, बाई."

वाळली बोंडं पदरात घेऊन सोमारी घरी आली. सुकलूनं एक उचलून हुंगलं आणि त्याचे डोळे चमकले.

"हेच! आता मोहाचा पाक कर. अंगणात ढीग पडला हाय."

"मोहाचा सण व्हाचा हाय, मामाजी. देवाले वाह्याच्या आधी नवं फूल तोंडात कसं घालू?"

"कोण पाह्यते?"

"सासूबाईनं केलं होतं का कधी असं?"

म्हातारा मिशीतल्या मिशीत हसला. "एका साली मी गपकन एक फूल तोंडात टाकलं. आठ रोज बोलली नाई माह्याशी."

"मंग मी बोलन काय?"

"सणापर्यंत काय खाऊ, पोरी?"

"पेज प्या. सणाले डुक्कर कापतेतच. फासळ्या तुमच्या, पहिला पाकही तुमचा."

त्यानं पेजेचा वाडगा पुढे ओढला, आंबाडीचं बोंड तोंडी लावून तळ दिसेपर्यंत प्याला. सण येईपर्यंत रोज तसाच पीत राहिला, आणि रोज विचारत राहिला, "आज कोणता वार?"

सण झाला. देवाला फुलं वाहिली. फासळ्यांचा वाटा घरात आला. दुसऱ्या दिवशी पहाटे सुकलू अजून झोपेत होता. सणानंतरच्या पहिल्या पाकासाठी सासूला ताजीच फुलं लागायची, तीही तिच्या झाडाखालची. बोंडं पाकाबरोबर उकळायची की आधीच, हे मात्र सोमारीला अजून कळलं नव्हतं. दोन्ही करून पाहू, असं मनाशी म्हणत तिनं टोपली उचलली, दार हळूच ओढून घेतलं आणि झिंगूबाईच्या मोहाकडे निघाली.