बल्बला हात कोणी लावला

ताईची कोंबडीची पिल्लं घरात आली तेव्हा मधलीने तोंडातून ब्र काढला नव्हता. मामा अंडी उबवायच्या केंद्रात कामाला, त्याने ताईच्या हातावर चिवचिवणारा पुठ्ठ्याचा डबा ठेवला आणि मधली आपली नुसती बघत राहिली. पण ती पिल्लं आता चांगली थोराड झाली होती. पंखांना खरी पिसं फुटलेली, माना बोडक्या, चालणं गल्लीतल्या दादांसारखं. मामा पुन्हा आला तेव्हा मधलीने सरळ सांगितलं, "आता माझी पाळी. मला कालपरवा अंड्यातून निघालेली हवीत, आणि माझी म्हणजे माझी."

बाबांनी चष्मा वर केला. "आणि ठेवणार कुठे?"

प्रश्न रास्त होता. स्वयंपाकघरामागच्या खोलीत कपडे धुवायचं मशीन, त्याच्या शेजारी ताईच्या पिल्लांचं लाकडी खोकं आणि भिंतीत एकच प्लग. त्या प्लगवर एकच बल्ब, दोरीने खोक्यावर टांगलेला.

"एकत्र ठेवीन," मधली म्हणाली. "त्यात काय? आम्ही तिघी नाही का एका खोलीत वाढलो?"

"म्हणूनच विचारतोय," बाबा म्हणाले. मग त्यांनी अट घातली. "रविवारी मामा परत येईल. तोवर एक जरी पिल्लू दगावलं, तर उरलेली नवी पिल्लं त्याच्याबरोबर परत. जीव आहेत ते, तुझा हट्ट पुरवायला नाहीत."

मधलीने मान डोलावली. तिला वाटलं, हा म्हणजे अगदीच डाव्या हाताचा मळ.

पहिल्याच संध्याकाळी तिचा नक्षा उतरला. मामाने आणून दिलेली तिची पिवळी, कापसाच्या बोळ्यांसारखी पिल्लं खोक्यात सोडली आणि ताईच्या टोळीने त्यांच्या पायाची बोटं म्हणजे अळ्याच समजून टोचायला सुरुवात केली. मधली एकाला हाकलते तोवर दुसरं हजर. ताई दाराशी उभी राहून केस विंचरत होती.

"तुझी पिल्लं गुंड आहेत," मधली म्हणाली.

"माझी पिल्लं आपल्या घरात आहेत. तुझी पाहुणी आलीत."

"पाहुण्यांना टोचतात का?"

"काही पाहुण्यांना टोचावंसं वाटतं खरं," ताई म्हणाली आणि कंगवा घेऊन निघून गेली.

रागारागाने मधलीने ओट्यावरची भांडी निथळायची तारेची जाळी उचलली आणि खोक्यात मधोमध उभी ठोकली. एका बाजूला थोरली पिल्लं, एका बाजूला चिमुकली. आता कशी टोचतात बघू. आईने ओल्या ताटांची चळत हातात घेऊन विचारलं, "ही काय तुझ्या डोक्यावर वाळवू?" मधलीने तेही ऐकून घेतलं.

पण आता खाण्याचा प्रश्न. या घरात बाबांचा नियम होता: सगळे जमल्याशिवाय कोणी जेवायला बसायचं नाही आणि पातेली टेबलाच्या मधोमध. वेगळं ताट वाढून कोपऱ्यात बसणं म्हणजे बाबांच्या मते घर मोडायची सुरुवात. मधली त्याच वळणात वाढलेली, त्यामुळे तिने काही विचार न करता भरड्याची थाळी थोरल्यांकडे ठेवली, बरोबर जाळीला लागून. दोन्हीकडून सगळ्यांनी मिळून खावं. जाळीतून माना घालता येतील, एवढी तरतूद आपण केली म्हणून ती स्वतःवर खूशही झाली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली तर वेगळाच तमाशा. थोरली पिल्लं थाळीत पाय पसरून बसली होती, जाळीजवळ यायची चिमुकल्यांची प्राज्ञा नव्हती. त्यातली भुकेने धीट झालेली जाळीच्या तारांमधून सुळकन पलीकडे गेली होती. एकाच्या शेपटीखालून रक्त येत होतं आणि लाल दिसलं म्हणून सगळी टोळी त्याच जागेवर तुटून पडली होती.

मधलीने त्याला उचललं. हाताच्या ओंजळीत त्याचं काळीज शिवणयंत्रासारखं धडधडत होतं. तिने मामाला फोन लावला.

"जांभळं औषध लाव," मामा म्हणाला. "लाल झाकलं की टोचायचं थांबतात. आणि वेगळं ठेव, पण फार वेळ नको. एकटं पिल्लू ओरडून ओरडून थकतं, खात नाही."

"म्हणजे वेगळंही ठेवायचं आणि एकटंही नाही?"

"हो, तसंच."

"मामा, तू मदत करतोयस की कोडं घालतोयस?"

जांभळं पिल्लू बुटांच्या खोक्यात गेलं आणि त्याने असा टाहो फोडला की धाकटी कानात बोटं घालून गृहपाठ करायला लागली.

बल्बचं तर विचारूच नका. थोरली पिल्लं चोच वासून धापा टाकतात म्हणून आईने दोरी वर बांधली. आजोबांना चिमुकली एकमेकांवर ढीग करून कुडकुडताना दिसली, म्हणून त्यांनी दोरी खाली सोडली. धाकटीने कोणालाच वाईट वाटू नये म्हणून ती मधोमध आणली. मधलीने शेवटी भिंतीवर कागद चिकटवला: बल्बला हात लावू नये. दुसऱ्या दिवशी दोरीला नव्या गाठी.

"कोणी लावला हात?"

"मी नाही बाई," आजोबा म्हणाले. "मी नुसती जरा सैल केली."

"मी कुठे लावला?" आई म्हणाली. "मी फक्त होती तिथे परत बांधली."

मधलीला वाटलं, आपणही खोक्यात जाऊन बसावं आणि कोणाला तरी कडकडून टोचावं.

शनिवारी जेवताना ताईने नेहमीप्रमाणे सगळ्यात आधी हात घातला, आईने नेहमीप्रमाणे धाकटीला निवडून निवडून वाढलं आणि पातेलं मधलीपर्यंत आलं तेव्हा त्यात तळाची खरवड होती. तिने डाव आपटला.

"सगळे एकत्र जेवतो, एकत्र जेवतो. मला काय मिळतं त्यात?"

"मग आधी घ्यायचं," ताई म्हणाली.

"तू हात काढशील तेव्हा ना."

बोलली आणि तिला खोक्यातली, थोरल्यांनी अडवलेली पंगत आठवली. थाळी. ती ताटावरून उठली, बाबांनी "अगं, सगळे बसलेत" म्हणायच्या आत मागच्या खोलीत पोचली. भरड्याची एक वेगळी बशी तिने चिमुकल्यांच्या बाजूला ठेवली, पाणीही तिकडेच. बल्ब सरकवून त्यांच्या अगदी कोपऱ्यात खाली बांधला. म्हणजे ज्याला ऊब हवी त्याने तिथे बसावं, ज्याला नको त्याने लांब जावं, आणि घरातल्या कोणी दोरीला शिवू नये. इतके दिवस ती जाळीच्या रुंद फटी बुजवायला कागदाचे बोळे कोंबत होती. आता तिने ते सगळे उपसून काढले. चिमुकल्यांना जा-ये करता येते, थोरल्यांच्या ढेऱ्या अडकतात. मग असू देत की फटी. कोणी मागे लागलं तर घरी पळून यायला वाट हवीच.

मग तिने जांभळ्याला बुटांच्या खोक्यातून काढून भावंडांत सोडलं. त्यांनी एकदोनदा हुंगल्यासारखं केलं आणि सगळी बशीकडे वळली. जांभळ्याने रडणं थांबवलं आणि पहिल्यांदाच खाल्लं. मधली आपलं ताट घेऊन आली आणि तिथेच मशीनला टेकून जेवली. बाबा दारात येऊन उभे राहिले, मग आत वळले. थोड्या वेळाने परत आले ते तिच्या ताटात आमटीचा डाव रिकामा करून गेले. त्यांच्या वाट्याची असावी.

रविवारी मामा आला. बाबांनी एकेक पिल्लू नजरेखालून घातलं. सगळी होती, जांभळ्यासकट.

तेवढ्यात जांभळं उठलं, भरली बशी आणि ऊब सोडून जाळीतून पलीकडे गेलं, ताईच्या सगळ्यात दांडगट पिल्लासमोर उभं राहिलं आणि त्याच्या पायाच्या बोटाला चोच मारून धूम परत आलं. थोरलं मागे धावलं आणि जाळीत अडकून बसलं.

मधलीने कपाळावर हात मारला. "इतकं सगळं मी कशासाठी केलं मग?"

"तुझ्यावर गेलंय," बाबा म्हणाले. "राहू दे त्यांना."

मामा हसला. ताईसुद्धा हसली, हे विशेष. मधली मात्र हसली नाही, कारण तिची नजर दोरीवर गेली होती. तिने बांधलेली गाठ अशी नव्हती.

"बल्बला हात कोणी लावला?"

आजोबांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.