पावलाची परवानगी

भूलतज्ज्ञ बाईंनी शिलाईवालीला सकाळीच शब्द दिला होता. "फक्त पाय बधिर करते. तुम्ही जाग्याच राहाल. ते चिघळलेलं एक बोट काढतील, जास्त काही करायचं झालं तर तुम्हाला विचारूनच."

शिलाईवाली चौतीस वर्षांची. पण माणसाला अकाली म्हातारं करणारा तो दुर्मीळ आजार. केस पांढरेफटक, कातडी हाडाला चिकटलेली, आवाज चिरका. नर्सने तिच्या थोरल्या भावाला "आईंना शुगर आहे का?" असं विचारलं, तेव्हा तीच फणकारली, "आई कुठली! याची धाकटी बहीण आहे मी. भांडणात अजून मीच जिंकते."

जबडा एवढासा, मान ताठ. पूर्ण भूल दिली असती तर घशात नळी घालताना जिवावर बेतलं असतं. म्हणून बाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर गुडघ्यामागची नस शोधून तिथेच सुई दिली. काम झकास जमलं, आणि बाई स्वतःवर खूश होत्या.

सर्जनने जखम उघडली आणि तोंड वाकडं केलं. "अर्धं पाऊल जाणार. मुलाची सही घ्या."

"भाऊ आहे तो," बाई म्हणाल्या.

"जो असेल तो."

छातीवर लावलेल्या पडद्याआडून शिलाईवालीचा आवाज आला, "अहो, मी जागी आहे. मला विचारा ना! याच पायाने मशीन चालवते मी. आज बोटच काढा, बाकीचं मी विचार करून सांगते."

"घाबरू नका हं आजी," सर्जन म्हणाला, आणि बाईंकडे वळला. "जरा गुंगी द्या. कटकट नको."

"सर, त्या शुद्धीत आहेत, त्यांनाच..."

"तुम्ही तुमचं काम करा."

नर्स भावाची सही घेऊन आलीसुद्धा. बाईंनी आपलं काम केलं. औषध थोडंच, श्वास जपून, अगदी नेमकं. "डॉक्टर, तुम्ही तर..." एवढंच शिलाईवालीच्या तोंडून निघालं. बाईंना लाज वाटली. हात मात्र थांबला नाही.

दुपारी तिला जाग आली. भाऊ तोंड चुकवून बाहेर गेला होता. अर्ध्याच उरलेल्या पावलाला भलंमोठं बँडेज होतं.

"एका बोटावरच थांबले ना ते?" तिने विचारलं.

बाई उगाचच सलाइन तपासत राहिल्या.

"बोटं हलवून बघते." कपाळाला आठ्या घालून तिने जोर लावला. "हलत नाहीत हो."

"भूल उतरायला वेळ लागतो," बाई म्हणाल्या, आणि तेवढं मात्र खरं होतं.