६२२चा खांब

मधु साताऱ्यातल्या एका सर्वेक्षण कचेरीत नकाशे काढायचा. १९७४ साली धरणात जाणाऱ्या खोऱ्याच्या नकाशावर त्याने बारीक चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीत मोजलेली उंची लिहिली, दशांशासकट. साळूबाईच्या घराची चौकट ६२२.९ मीटर. धरण तुडुंब भरलं तरी पाणी ६२२.२ला थांबणार होतं.

मोजणीच्या वेळी साळूबाईने त्याला एवढंच विचारलं होतं, "आवं सायेब, माज्या उंबऱ्याला पानी लागंल का?" तिचा मुलगा कृष्णात एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झालेला. "मेला म्हून कुनी लिवून दिल्यालं न्हाई. आला तर ह्याच दारात यील."

"नाही लागणार, मावशी."

अहवालासाठी आलेखात उंचीचे खांब काढायचे होते. ६२१च्या चौकटी किती, ६२२च्या किती, तेवढा उंच खांब. मधुच्या साहेबांनी दशांश सोडून द्यायला सांगितलं. त्यामुळे ६२२.० आणि ६२२.९ एकाच खांबात बसले आणि पाण्याची रेघ त्याच्या पोटातून गेली.

"साहेब, दहा-दहा सेंटिमीटरचे खांब काढतो. वरची घरं वाचतील."

"अहवाल उद्या मुंबईला जातोय. तू काय दिवाळीची रांगोळी काढतोयस?"

साहेबांनी अख्खा खांब निळा केला, म्हणजे बुडीत.

निळ्यातल्या लोकांना पलूसजवळ जमिनी मिळाल्या. साळूबाईच्या नवऱ्याने, जोतीरामने, घर उतरवून तुळया आणि कौलं ट्रकमध्ये भरली.

"जोत्यावर पलूसचा पत्ता लिवा," ती म्हणाली.

"पान्याखाली कोन वाचनार? मासं? चल."

तीन वर्षांनी धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं. साळूबाईने हट्टच धरला, म्हणून जोतीराम तिला घेऊन आला. पाणी अंगणाच्या खालच्या बांधाशी थांबलं होतं. उंबऱ्याचा दगड कोरडा होता. त्यावर शेळ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या.

साळूबाई दगड पदराने पुसून त्यावर बसली.

"उंबरा हितंच हुता," ती म्हणाली. "आमीच न्हवतो."

जोतीरामने विटेचा तुकडा शोधला आणि जोत्यावर वाकून पलूसचा पत्ता लिहिला. मग हात थांबला.

"नाव कुनाचं घालू?"

"नुसतं आई लिवा. त्याला कळंल."

समोरच्या डोंगरावरून पाऊस उतरत होता. जोतीराम तीच अक्षरं पुन्हा, जोर लावून गिरवू लागला.