किल्लीवाल्याच्या घरातलं बंद दार

किल्लीवाल्याला जगात कशाचा राग येत असेल तर तो 'काही नाही' या दोन शब्दांचा. तीस वर्षं धंद्यात काढलेला माणूस. ज्यांनी ज्यांनी त्याला अडकलेलं कपाट उघडायला बोलावलं, त्यातले निम्मे आधीच सांगून टाकायचे, "आत विशेष काही नाही हो, जुने कागद असतील." आणि नेमका त्यांच्याच कपाळावर घाम असायचा. एकदा एका सभ्य गृहस्थाच्या 'काही नाही' असलेल्या खणातून दुसऱ्याच संसाराचे फोटो निघाले होते, मुलाबाळांसकट. तेव्हापासून त्याने मनाशी खूणगाठ बांधली होती, की जिथे काही नाही म्हणतात तिथे काहीतरी असतंच.

अशा माणसाला त्याच्या बायकोने, लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर, हेच दोन शब्द ऐकवले.

झालं असं, की वीज गेली म्हणून तो दुकान बंद करून सहालाच घरी आला. एरवी साडेआठशिवाय त्याचं पाऊल घरात पडत नसे. बायकोच्या चपला दारात होत्या, पर्स खुंटीवर, फोन ओट्यावर. ती मात्र दिसेना. लेकीच्या खोलीचं दार बंद होतं. लेक लग्न होऊन गेली त्याला वर्ष झालं होतं. खोलीत आता इस्त्रीचं टेबल, एक खुर्ची आणि जादा अंथरुणं, एवढंच. त्याने हाक मारली. आतून आवाज आला, "आलेच. थोडं थांबा."

तो थांबला. थोडं म्हणजे वीस मिनिटं, घड्याळाकडे बघत. मग ती बाहेर आली आणि त्याच्याकडे बघून हसली. संध्याकाळच्या वेळी ती त्याच्याकडे बघून शेवटची कधी हसली होती, हे त्याला काही केल्या आठवेना.

"काय करत होतीस आत?"

"बसले होते."

"कशाला?"

"बसायलाच."

"रोज बसतेस?"

"तीन महिने झाले. घरी आले की अर्धा तास."

"पण करतेस काय?"

"काही नाही हो," ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

बायको एका मोठ्या इस्पितळात चौकशीच्या खिडकीमागे बसायची, सकाळी आठ ते चार. म्हणजे जी बाई दिवसभर बसून येते, ती घरी येऊन पुन्हा बसते, तेही दार लावून, आणि काहीही न करता! हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. त्या रात्री जेवताना त्याने तिला चार वेळा निरखून पाहिलं. चारही वेळा तिचं जेवणाकडेच लक्ष होतं.

दुसऱ्या दिवसापासून किल्लीवाला पावणेसहाला घरी येऊ लागला. गिऱ्हाईक दुकानाच्या बंद फळीवर थापा मारून परत जायचं आणि हा इकडे स्वतःच्याच घरात चवड्यांवर चालत, लेकीच्या खोलीपाशी कान देऊन उभा. आतून आवाज म्हणाल तर नाहीच. फोन ओट्यावर पडलेला, म्हणजे बोलणंही नाही. एकदा खुर्ची करकरली. एकदा लांब श्वास ऐकू आला. आणि चौथ्या दिवशी ती आत हसली. हळूच, एवढंसं. एकटं माणूस हसतं कशाला?

दाराला मात्र त्याने बोट लावलं नाही. मालक शेजारी उभा असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम होता आणि त्यावर त्याचं नाव चाललं होतं. शिवाय ते कुलूप त्यानेच बसवलेलं. पंधरा वर्षांची असताना लेकीने "माझ्या खोलीला कुलूप हवं" म्हणून दोन दिवस अबोला धरला, तेव्हा याने हौसेने असं कुलूप निवडलं होतं की उघडताना खुद्द त्यालाही घाम फुटावा. त्याची किल्ली एकच, आणि ती लेक सासरी घेऊन गेली होती.

त्याने लेकीला फोन केला.

"तुझ्या खोलीची किल्ली कुठंय?"

"माझ्याकडेच, जुडग्यात. का हो बाबा?"

"आईला दिलीस का?"

"नाही. आईला कशाला हवीय?"

"ती दार लावून बसते आत. रोज."

"मग बसू दे की. तुम्ही तिलाच का नाही विचारत?"

"विचारलं. म्हणते, काही नाही."

"मग काही नसेल."

"असं कधी असतं का!" तो ओरडला. फोन ठेवल्यावर त्याच्या मनाने निकाल दिला, की किल्ली आईकडेच आहे आणि मायलेकींचं संगनमत आहे. संशयाने एकदा घरात पाय ठेवला की तो लेकीलाही सोडत नाही.

शेजारच्या दुकानात तसबिरींना चौकटी करणारा एक जण होता. कुठल्याही गोष्टीवर वाद घालायचा म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. किल्लीवाल्याने आडवळणाने, एका मित्राची गोष्ट म्हणून, सगळं त्याच्या कानावर घातलं.

"तुझा हा मित्र," वकील काच पुसत म्हणाला, "त्याची बायको हल्ली त्याच्याशी भांडते का?"

त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं. सव्वीस वर्षं जी बाई पलंगावरच्या ओल्या टॉवेलावरून घर डोक्यावर घ्यायची, तिने गेल्या कित्येक दिवसांत तोंडातून ब्र काढला नव्हता.

"नाही भांडत," तो म्हणाला.

"मग संपलं. भांडतं ते माणूस घरात असतं. भांडायचं थांबलं, म्हणजे मनाने निघालं. सामान मागाहून जातं." आणि स्वतःच्या अशिलाची वाट लावून वकील पुन्हा काच पुसायला लागला.

आता किल्लीवाल्याला धड झोप लागेना. त्याने परीक्षा घ्यायचं ठरवलं. सोमवारी मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर फेकला. तिने उचलून वाळत घातला. मंगळवारी चिखलाच्या चपला थेट स्वयंपाकघरापर्यंत आणल्या. तिने फरशी पुसली. बुधवारी त्याने ब्रह्मास्त्र काढलं.

"तुझी मोठी बहीण," तो म्हणाला, "अगदीच बिनडोक आहे."

या वाक्यावर पूर्वी आठवडाभर चूल थंड राहिली असती. तिने क्षणभर विचार केला. "असेल," म्हणाली, आणि त्याच्या ताटात वाढत राहिली.

त्या एका शब्दाने त्याचं अवसान गेलं. ही जाणार. दुसरं कुणी असेल, किंवा कुणीच नसेल आणि ही नुसतीच जाईल. त्याच्याशी भांडायचीही गरज तिला उरलेली नाही. सव्वीस वर्षांत त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं, की संध्याकाळी दुकानाची फळी लावताना त्याला तिच्या कटकटीची ओढ लागते. हे आपलं आपल्यालाही आत्ताच कळतंय, याचाही त्याला राग आला.

गुरुवारी तो हत्यारांची गुंडाळी काखेत मारून घरी आला. दार बंद होतं. आत नेहमीची शांतता. तो गुडघे टेकून बसला, कुलपात पट्टी घातली, पिन सरकवली. आपण चोर झालो, असं त्याला स्पष्ट वाटलं, आणि तरीही तो थांबला नाही.

दहा मिनिटं गेली. घाम नाकावरून ओघळला. एकदाचं आतलं सगळं जुळलं आणि त्याने पट्टी उघडायच्या दिशेला फिरवली. फिरेना. जोर दिला, तरी फिरेना. हिने आतून काहीतरी अडकवलंय! मग त्याने, धंद्यातलं पोरही करणार नाही ते केलं. रागाच्या भरात पट्टी उलट्या दिशेला फिरवली. ती लोण्यात फिरावी तशी फिरली, आणि कुलपाचा दांडा खट्कन चौकटीत जाऊन बसला.

तो आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. कुलूप उघडताना असा आवाज येत नाही. लागताना येतो.

तरी त्याने दाराची मूठ फिरवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. दार हललं नाही.

"अहो," आतून आवाज आला. "काय केलंत?"

त्याने मूठ पुन्हा एकदा फिरवून पाहिली.

"उघडंच होतं की दार."

"आजच होतं?" त्याने विचारलं.

"रोजच. किल्ली कुठंय माझ्याकडे? नुसतं लोटून घेते मी."

"मग त्या दिवशी थांबा का म्हणालीस?"

"थांबा म्हणाले, आत येऊ नका नाही म्हणाले. नवऱ्याला काय आमंत्रण द्यायचं?" ती म्हणाली. "पावणेसहाला तुम्ही दाराशी येऊन उभे राहता ते ठाऊक होतं मला. पायांची बोटं वाजतात तुमची. एकदा तर हसूच आलं. वाटायचं, आज ढकलतील, उद्या ढकलतील. तुम्ही आणलंत ते हत्यार."

तो जमिनीवर बसून राहिला. मग, एवढे दिवस कान देऊन जे कळलं नव्हतं, ते त्याने साधं विचारलं. "काय असतं गं आत?"

"दिवसभर खिडकीवर माणसं येतात. माझा माणूस कुठल्या मजल्यावर आहे, शुद्धीवर आला का, भेटू देतील का. चार वाजले तरी ती रांग डोक्यातून हलत नाही. मग मी बसते आणि एकेकाला जाऊ देते. सगळी गेली की फार शांत होतं. तेवढा वेळ मी काही मागत नाही, कुणाला काही सांगत नाही. त्याला कुणी देव म्हणेल. मी नाव ठेवलेलं नाही."

"मग भांडायचं का सोडलंस?"

"टॉवेलावरून? तिथून उठल्यावर टॉवेल टॉवेलएवढाच दिसतो."

"मला वाटलं, तू जाणार सोडून."

आत खुर्ची करकरली, पावलं दारापाशी आली.

"उघडा आता," ती म्हणाली. आवाज नेहमीचा होता, पण त्यात काहीतरी मोडलं होतं, आणि ते आपण मोडलं हे त्याला कळलं.

उघडायला त्याला पाऊण तास लागला.

बाहेर आल्यावर ती भांडली नाही, रडलीही नाही. जेवण झालं, भांडी झाली. त्याने दोनदा "चुकलं माझं" म्हटलं. तिने दोनदा मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता ती खोलीत गेली आणि दार हातभर उघडं ठेवलं.

"दार?" तो म्हणाला.

"असू दे. म्हणजे तुम्हाला दिसेल."

ती खुर्चीत बसली, डोळे मिटले. त्याला सगळं दिसत होतं. मांडीवरचे हात दिसत होते, इस्त्रीच्या टेबलाची कड दिसत होती. आणि मिटलेल्या पापण्या हलतायत, हेही दिसत होतं. त्याने श्वास रोखला की तिचाही अडखळत होता. आपण तिच्या त्या रांगेत जाऊन उभे आहोत, सगळ्यात शेवटी, आणि न हलता, हे त्याला उमगलं. त्याला इतकी लाज वाटली, की तिने आतून दहा कुलपं लावली असती तरी चाललं असतं.

तो उठला. मूठ धरून, आवाज न करता, त्याने दार पूर्ण ओढून घेतलं. मग चपला घातल्या आणि दुकानाकडे निघाला.

कोपऱ्यापर्यंत पोचला नाही तोच मनात पाल चुकचुकली. आत्ता काय करत असेल? त्याचे पाय क्षणभर घुटमळले. मग त्याने दुकानाच्या दिशेने पाऊल टाकलं, आणि मागे वळून पाहिलं नाही.